गाठीचं नाव एक, स्वभाव दोन

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या वहिनी एका संध्याकाळी फाईल घेऊन आल्या. नात चार महिन्यांची. लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हाताला पोट कडक लागलं, सोनोग्राफी झाली, पाठोपाठ तुकडा काढून तपासायला गेला आणि रिपोर्टात शब्द आला : न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे मज्जातंतूंच्या कच्च्या पेशींची, लहान मुलांना होणारी कॅन्सरची गाठ. यकृतातही ठिपके होते. घरात रडारड झाली होतीच, पण वहिनींना त्याहून जास्त छळत होतं ते मोठ्या डॉक्टरांचं एक वाक्य. ‘अभी कुछ नहीं करना है, दिखाते रहिए.’

“ताई, पोरीला कॅन्सर आहे म्हणतात आणि वर काही करायचं नाही म्हणतात. म्हणजे हात टेकले का हो त्यांनी?”

मी डॉक्टर नाही. इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तुकड्यांच्या स्लाइड बनवण्यात माझी ३१ वर्षं गेली. निदान करणारे डॉक्टर वेगळे. माझं काम तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचा, रंगवायचा आणि काच त्यांच्यापुढे ठेवायची. पण इतकी वर्षं काचा पाहिल्या की माणूस विचारायला लागतो, वाचायला लागतो. वहिनींना त्या दिवशी जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं ते इथे सलग लिहिते आहे. ‘काही करायचं नाही’ असं एखाद्या डॉक्टरला ठामपणे म्हणता यावं यासाठी किती लोकांनी किती वर्षं घालवली आहेत, हे त्या घराला कळायला हवं होतं. त्यांच्यासारख्या इतर घरांनाही कळायला हवं.

आधी ही गाठ येते कुठून ते पाहू. गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असतो, तेव्हा त्याच्या पाठीकडच्या बाजूला एक बारीक नळी तयार होत असते. पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. या नळीच्या माथ्यावरून काही पेशी सुटतात आणि शरीरभर चालायला लागतात. हे वाचताना मला नेहमी आपलीच, माळव्यातल्या मराठी माणसांची गोष्ट आठवते. होळकर-पवारांबरोबर दक्षिणेतून घराणी निघाली. कुणी देवासला थांबलं, कुणी धारला, कुणी महेश्वरला, आणि जिथे थांबलं तिथलं काम उचललं. या पेशींचंही तसंच. काही कातडीत थांबतात आणि रंग बनवतात. काही चेहऱ्याची हाडं होतात. काही मणक्याच्या दोन्ही बाजूंना आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीत मुक्काम करतात. गल्लीत कुत्रं मागे लागलं की छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो, ते ज्या मज्जातंतूंमुळे, ते हे शेवटचे. पाठ्यपुस्तकात याला अनुकंपी मज्जासंस्था म्हणतात.

आता समजा, काही पेशी मुक्कामी पोचल्या पण कामाला लागल्याच नाहीत. कच्च्याच राहिल्या आणि नुसत्या वाढत गेल्या. तीच ही गाठ. म्हणून ती मज्जासंस्थेची असूनही डोक्यात नसते. बहुतेक वेळा पोटात सापडते, कधी छातीत, कधी मानेत. म्हणूनच ती लहानग्यांची आहे. दहापैकी नऊ मुलं पाच वर्षांच्या आतली असतात आणि निदानाचं मधलं वय दीड वर्षाच्या आसपास. मेंदूबाहेरच्या ज्या घट्ट गाठी लहान मुलांना होतात, त्यांत हिचा नंबर पहिला.

आई-वडील पहिला प्रश्न विचारतात तो स्वतःवर बोट ठेवून. गरोदरपणात काही खाल्लं का, ग्रहणात बाहेर पडले का, पडली होती का मुलगी? नाही. घराण्यातून उतरणारी प्रकरणं फारच थोडी, शंभरात एखाद-दोन. अशा बऱ्याच घरांत ‘अल्क’ नावाच्या जनुकात बिघाड असतो हे २००८ मध्ये सापडलं. बाकीच्यांत आईने काहीही चुकवलेलं नसतं. हे मी वहिनींना तीनदा सांगितलं, कारण आत सूनबाई ऐकत होती.

काचेखाली ही गाठ कशी दिसते ते सांगते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाने काप रंगवला की सगळीकडे बारीक, गोल, गर्द निळसर-जांभळ्या पेशी दिसतात, मोहरी सांडल्यासारख्या. लहान मुलांच्या आणखी तीन-चार गाठी हुबेहूब अशाच दिसतात, त्यामुळे नुसत्या मोहरीवर कुणी निदान करत नाही. पण नशिबाने एखाद्या कोपऱ्यात रिंगण सापडतं. पेशी गोलाकार उभ्या आणि मधोमध गुलाबी धाग्यांचा गुंता. भोंडल्याला मधे हत्ती मांडून मुली फेर धरतात ना, अगदी तसं. ते गुलाबी धागे म्हणजे मज्जातंतू व्हायचा अर्धवट राहिलेला प्रयत्न. बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९१० मध्ये या रिंगणांवरून ओळखलं की वेगवेगळ्या जागी सापडणाऱ्या या गाठी एकाच जातीच्या आहेत, आणि न्यूरोब्लास्टोमा हे नाव रूढ केलं. रक्ताच्या काचा रंगवायचा राइट स्टेन ज्यांच्या नावाचा, तेच हे. माझ्या टेबलावर त्यांचं नाव असलेली बाटली वर्षानुवर्षं होती आणि हे मला निम्मी नोकरी झाल्यावर कळलं.

नाव मिळालं, पण डॉक्टर गोंधळातच राहिले. ही गाठ दोन प्रकारे वागायची. तीन वर्षांच्या मुलाच्या हाडांत पसरलेली असली तर कितीही औषधं द्या, मूल हाती लागायचं नाही. आणि तीन महिन्यांच्या बाळाच्या यकृतात, कातडीवर पसरलेली असली तरी काही बाळं आपोआप बरी व्हायची. इतर कॅन्सरांत पसरला म्हणजे वाईट हा नियम. इथे तो नियम मोडत होता.

हा गोंधळ ज्यांनी सोडवायला घेतला त्या ऑड्रे इव्हान्स. १९२५ साली इंग्लंडमधल्या यॉर्क गावात जन्म, एडिंबरात वैद्यकीचं शिक्षण, मग शिष्यवृत्तीवर बोस्टनला. तिथे सिडनी फार्बर होते, मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर औषधाने उपाय करून दाखवणारे पहिले डॉक्टर. १९६९ मध्ये इव्हान्स फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात कॅन्सर विभाग सांभाळायला आल्या. एका-एका रुग्णालयात या आजाराची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून त्यांनी अनेक मुलांच्या नोंदी एकत्र घेतल्या आणि एक साधाच प्रश्न विचारला : कुठली मुलं जगली, आणि त्यांच्यात सारखं काय होतं?

१९७१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर या आजाराच्या पायऱ्या मांडल्या. पहिली, दुसरी, तिसरी पायरी म्हणजे गाठ जागच्या जागी, मग जरा पुढे, मग शरीराची मधली रेघ ओलांडलेली. चौथी म्हणजे दूरवर पसरलेली. आणि त्यांनी चौथीतून एक गट वेगळा काढला. त्याला नाव दिलं ४-एस. एस म्हणजे स्पेशल, खास. वर्षाच्या आतलं बाळ, मूळ गाठ लहान, पसरलेली असली तरी फक्त यकृतात, कातडीत किंवा अस्थिमज्जेत म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, खुद्द हाडांत नाही. अशा बाळांना जबर औषधं देऊ नका, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळात ते बोलायला छाती लागत होती. कॅन्सर दिसला की जेवढं तीव्र देता येईल तेवढं द्यायचं, असाच विचार तेव्हा चालू होता. कितीतरी बाळं गाठीपेक्षा औषधाने गेली असणार.

वहिनींची नात याच गटातली. म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले. अर्थात थांबा म्हणजे घरी बसा असं नाही. यकृत फार फुगलं तर बाळाला श्वास घेता येत नाही, मग थोडा किमो द्यावाच लागतो, आणि अगदी तान्ह्या बाळांत हा धोका जास्त. म्हणून ते ‘दिखाते रहिए’. त्या दोन शब्दांत दर खेपेची सोनोग्राफी आहे, वजन आहे, लघवीची तपासणी आहे.

लघवी कशाला, असं वहिनींनी विचारलंच. या पेशी कच्च्या असल्या तरी त्यांचा मूळ धंदा त्या सोडत नाहीत. धडधड वाढवणारी ॲड्रेनलिनच्या घरातली रसायनं त्या बनवत राहतात आणि त्यांचा चोथा लघवीतून बाहेर पडतो. तो मोजला की गाठ जागी आहे की निजली आहे, याचा अंदाज येतो.

यातूनच एक फार मोठी गोष्ट घडली, आणि ती मला या सगळ्या विषयात सर्वात शिकवून जाणारी वाटते. जपानी डॉक्टरांना वाटलं, लघवीत सापडतं तर वाट कशाला पाहायची? देशातल्या प्रत्येक बाळाची सहाव्या महिन्यात लघवी तपासू. आईने लंगोटात कागद ठेवायचा, भिजला की वाळवून पोस्टाने पाठवायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यात हे सगळ्या जपानभर सुरू झालं. गाठी भराभर सापडू लागल्या, बाळांची ऑपरेशनं झाली, बाळं बरी झाली. सगळ्यांना वाटलं, जिंकलो.

पण मोठ्या मुलांतला तो वाईट आजार काही हटला नाही. मग कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत जन्मलेल्या पावणेपाच लाखांहून जास्त बाळांना तपासणी देऊ केली आणि शेजारच्या, तपासणी नसलेल्या भागांशी तुलना केली. जर्मनीने वर्षाच्या आसपासची १४ लाख ७५ हजार मुलं तपासली. दोन्हींचे निकाल २००२ मध्ये एकदमच आले : तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. सापडलेल्या गाठी मात्र वाढल्या. २००४ मध्ये जपानने आपला कार्यक्रम थांबवला.

असं का व्हावं? रात्री गुरखा ठरावीक वेळी फेरी मारतो. फेरीत त्याला कोण सापडतं? ओट्यावर निवांत बसलेला माणूस. खरा चोर दोन फेऱ्यांच्या मधे येऊन जातो. तपासणीत सापडत होत्या त्या ओट्यावर बसलेल्या गाठी, ज्या पुढे-मागे आपणच उठून गेल्या असत्या. भरधाव वाढणारी गाठ सहाव्या महिन्यात नव्हतीच, ती नंतर आली. खरं तर याची चाहूल १९६३ मध्येच लागली होती. इतर कारणांनी गेलेल्या तान्ह्या बाळांच्या अधिवृक्क ग्रंथी बेकविथ आणि पेरिन या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा अशा बारीक गाठी आजाराच्या मानाने कितीतरी पट जास्त बाळांत दिसल्या होत्या. म्हणजे अनेक बाळांत गाठ येते आणि कुणाला पत्ता लागायच्या आत जिरूनही जाते.

मला त्या जपानी आयांचं फार वाटतं. त्यांनी मनापासून कागद पाठवले. त्यांतल्या काहींच्या बाळांवर नको असलेली ऑपरेशनं झाली, आणि ज्या डॉक्टरांनी केली त्यांचाही हेतू चांगलाच होता. पण त्यांच्या त्या वर्षांमुळेच आज आपल्याकडचा डॉक्टर थांबू शकतो. पुढे अमेरिकेत सहा महिन्यांच्या आतल्या, अधिवृक्क ग्रंथीत लहान गाठ असलेल्या ८३ बाळांवर नुसती नजर ठेवली गेली. त्यातल्या ६७ बाळांना ऑपरेशन लागलंच नाही. २०१२ मध्ये हा निकाल आला तेव्हा तीन वर्षांनंतर सगळीच बाळं जिवंत असल्याचं त्यात नोंदलं होतं.

आता चोराकडे वळू. दोन बाळांच्या काचा माझ्यासारखीला सारख्याच दिसतील, पण एकीतली गाठ जिरणार आणि दुसरीतली जीव घेणार, हे आधीच ओळखायचं कसं? १९८३ मध्ये या गाठीत एक जनुक सापडलं, एन-मिक. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती हव्यात, एक आईकडची, एक वडिलांकडची. काही गाठींत डझनांनी, कधी शेकड्यांनी प्रती निघाल्या. हे जनुक पेशीला ‘वाढ’ म्हणतं. असं ‘वाढ’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातात कुणी शंभर भोंगे द्यावेत तसं. गॅरेट ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की या जादा प्रती पुढच्या पायरीच्या आजारात जास्त दिसतात. १९८५ च्या ८९ मुलांच्या अभ्यासात स्पष्ट झालं की प्रती जितक्या जास्त, तितका आजार वेगाने पुढे जातो, पायरी कोणतीही असो. पाचांतल्या साधारण एका गाठीत हा प्रकार असतो.

मुंबईला प्रशिक्षणासाठी गेले होते तेव्हा हे मी एकदाच डोळ्यांनी पाहिलं. खोलीत अंधार, सूक्ष्मदर्शकात काळं आकाश. पेशीचं केंद्रक निळसर गोल आणि त्यात चमकते ठिपके, एका ठिपक्याला जनुकाची एक प्रत. निरोगी पेशीत दोन ठिपके, नीट वेगळे, मोजता येणारे. शेजारच्या काचेवर मात्र पेशीत ठिपक्यांचा नुसता सडा. मोजायला लागले आणि सोडून दिलं. ती काच कुणाची, मला माहीत नव्हतं, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

वहिनींच्या नातीचा तुकडा डॉक्टरांनी याच तपासणीसाठी मुंबईला पाठवला होता. उत्तर आलं ते दोन ठिपक्यांचं. त्यानंतरच ते म्हणाले, अभी कुछ नहीं करना है.

ज्यांच्या वाट्याला सडा येतो, किंवा दीड वर्षावरचं मूल आणि हाडांपर्यंत पसरलेला आजार, त्यांच्यासाठी लढाई लांबची आहे. किमो, ऑपरेशन, पुन्हा जबर किमो देऊन मुलाच्याच साठवलेल्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी परत घालणं, मग लाइट म्हणजे रेडिएशन देणं, दीड-दोन वर्षांचा मामला. इतकं करूनही पुढारलेल्या देशांत अशा मुलांपैकी जेमतेम निम्मी वाचतात, तर कमी धोक्याच्या गटात शंभरात ९५ हून जास्त. एका नावाच्या आजारात इतकी दरी!

एक चांगली बातमी या कठीण बाजूला आहे. या पेशींच्या अंगावर जीडी-टू नावाची एक खूण असते. ती ओळखून चिकटणारं आणि शरीराच्या शिपायांना बोलावणारं औषध डॉ. अ‍ॅलिस यू यांच्या पुढाकाराने २२६ मुलांत तपासलं गेलं. दोन वर्षांनंतर औषध मिळालेल्यांत १०० पैकी ६६ मुलं आजार न उलटता होती, न मिळालेल्यांत ४६. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण तीच खूण दुखणं पोचवणाऱ्या मज्जातंतूंवरही असते, म्हणून औषध चालू असताना मुलाला सपाटून वेदना होतात आणि सोबत मॉर्फिनसारखं औषध लागतं. या जीडी-टूवरच्या औषधाची किंमतही आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या हाताबाहेरची आहे. हे लिहिताना बोटं जड होतात.

लघवीची सरसकट तपासणी बंद झाली, याचा अर्थ लक्षणांकडे काणाडोळा करायचा असा कुणी काढू नये. पोटात घट्ट गोळा लागणं. मार न लागता डोळ्यांभोवती काळंनिळं होणं. चालणारं मूल लंगडायला लागणं किंवा कडेवर घ्या म्हणून हट्ट धरणं. पाय लुळे पडणं. डोळ्यांची बुबुळं सैरभैर नाचणं. आठवडे टिकणारा ताप आणि पांढरंफटक पडणं. यातल्या बहुतेकांमागे दुसरंच साधं कारण निघतं. पण ‘जंत झालेत’, ‘दृष्ट लागली’ म्हणत महिने काढू नका. डॉक्टरांना पोटावर हात फिरवायला आणि एक सोनोग्राफी करायला सांगा. विशेषतः पाय लुळे पडत असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मणक्यात दाब आला असेल तर तासांना किंमत असते.

इव्हान्सबाईंचं एक काम अजून सांगायचं राहिलं. मुलाचा आजार एकटा येत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. आई-वडील रुग्णालयाच्या खुर्च्यांवर, गाड्यांमध्ये झोपायचे. म्हणून फिलाडेल्फियात एका फुटबॉल संघाच्या आणि मॅकडोनाल्ड्सच्या मदतीने १९७४ मध्ये अशा कुटुंबांसाठी एक घर उघडलं, ते रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस. आज अशी घरं कितीतरी देशांत आहेत. २०२२ मध्ये, ९७ व्या वर्षी त्या गेल्या.

आपल्याकडे इंदूरची माणसं ‘टाटाला नेलं’ म्हणतात तेव्हा त्यात अवंतिका एक्सप्रेसची रात्र आणि सकाळी मुंबईत डोकं कुठे टेकायचं हा प्रश्न असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून चालणारी सेंट ज्यूड्स केंद्रं, ही नावं लिहून ठेवा. टाटा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी विचारा, तिथूनच चिठ्ठी मिळते. आयुष्मान कार्ड असेल तर तेही फाईलमध्ये वर ठेवा.

आणि माझ्या टेबलावरची एक गोष्ट, जी बहुतेक घरं विसरतात. इथल्या लॅबमधून निघताना नुसता रिपोर्ट आणि काचा घेऊ नका. ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान मेणाची वडी, जिच्यात तुमच्या मुलाचा तुकडा बसवलेला असतो. ठिपके मोजायची तपासणी त्यातूनच होते, आणि तो नसला तर लेकराला पुन्हा सुई. सही करून घ्या, नंबर रिपोर्टाशी जुळवून पाहा, कापसात गुंडाळून डबीत ठेवा. मे महिन्यात गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका, मेण मऊ होतं. वहिनींच्या मुलाने तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला होता, मुंबईपर्यंत, हात वरून धरून.